वाळकं पान तोडू नका!

आई रत्नागिरीहून पहिल्यांदा ब्रिस्बेनला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "अगो, बाहेर ये! तुमच्या कुंपणावर बाशिंग आलंय!"

बाशिंग म्हणजे कोकणात आंब्याफणसाच्या खोडाला, चिऱ्याच्या गडग्याला धरून वाढणारा नेचा. नवरदेवाच्या कपाळावरच्या बाशिंगासारखी त्याची कातरलेली तपकिरी पानं खोडाला चिकटून उभी राहतात, म्हणून हे नाव. आमच्या कुंपणावरच्या फळीला लगडलेलं होतं ते मात्र स्टॅगहॉर्न. तरी आईची नजर फार चुकली नव्हती. दोघं एकाच कुळातले, पॉलिपोडिएसी. दोघांचा जगण्याचा डावही एकच. शिवाय बाशिंग इथंही परकं नाही. वनस्पतिशास्त्रात ज्याला ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया म्हणतात तो हाच नेचा भारतापासून आग्नेय आशियामार्गे थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आपसूक उगवतो.

आई पुढे झाली. "खालची पानं पार वाळलीत गो. काढून टाकते, मोकळं होईल बिचारं."

तिनं हात घातला मात्र, कुंपणापलीकडून शेजारच्या आजी ओरडल्याच, "नो, नो, डार्लिंग!" सत्तरी ओलांडलेल्या, कधी आवाज न चढवणाऱ्या बाई. पुढची पंधरा मिनिटं आजी इंग्रजीत, आई मराठीत आणि मधे मी. विषय एकच, ते वाळकं पान. या नेच्याची सगळी करामत त्या पानात आहे, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा नीट कळलं.

शिंगं आधी, सांबर मागून

स्टॅगहॉर्न म्हणजे हरणाचं शिंग. फाटे फुटत गेलेली, खाली लोंबणारी ती पानं बघितली की दुसरं नाव सुचतच नाही. शास्त्रीय नावही तेच सांगतं. प्लॅटिसेरियम हा शब्द ग्रीक, प्लॅटिस म्हणजे रुंद आणि केरास म्हणजे शिंग. पण ऑस्ट्रेलियात मूळचं एकही हरीण नाही! नाव ठेवणारे इंग्रज शिंगांची ओळख मायदेशातून घेऊन आले होते. पुढे १८६०च्या दशकात व्हिक्टोरियात आपल्याकडची सांबरं आणून सोडली गेली. म्हणजे या देशात शिंगं झाडावर आधीच होती, सांबर नंतर आलं. घरात मी या नेच्याला सांबरशिंगीच म्हणते.

जगात प्लॅटिसेरियमच्या अठराएक जाती आहेत. दक्षिण अमेरिकेच्या वाट्याला एकच आली, भारताच्याही एकच. आपली ती प्लॅटिसेरियम वालिची, मणिपूरच्या जंगलातली. ऑस्ट्रेलियात मात्र चार आहेत. सगळ्यांत भव्य ती प्लॅटिसेरियम सुपर्बम, म्हणजे खरी स्टॅगहॉर्न. घरोघरी दिसते ती बायफर्केटम, इथल्या बोलीत एल्कहॉर्न; आमच्या कुंपणावरची तीच. तिसरी हिलाय, १८५५ साली ब्रिस्बेनच्या वनस्पती उद्यानाचे पहिले अधीक्षक झालेल्या वॉल्टर हिल यांच्या नावाची. चौथी व्हीची, अंगावर दाट रुपेरी लव असलेली. नेचा म्हटलं की ओल, सावली, धबधबा डोळ्यांपुढे येतो ना? ही व्हीची क्वीन्सलँडच्या कोरड्या भागात उघड्या खडकांवर ऊन खात राहते.

आणि सुपर्बमची एक गोष्ट तर मला फार आवडते. एवढं मीटरभर रुंदीचं, दोन मीटर लांब पानं सोडणारं झाड, डोळ्यांत भरेल असं. पण कित्येक वर्षं वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला फिलिपिन्समधली ग्रँडे नावाची जातच समजत होते. दोघींतला फरक पानाच्या पाठीवर होता. ग्रँडेच्या लोंबत्या पानावर बीजाणूंचे दोन पट्टे असतात, सुपर्बमच्या पानावर एकच. तो फरक नोंदवून द योंकिअर आणि हेनिपमन या दोन डच अभ्यासकांनी तिला स्वतंत्र नाव दिलं, तेव्हा साल होतं १९७०.

लॅमिंग्टन रोडवाले लॅमिंग्टन

सुपर्बम रानात बघायची असेल तर ब्रिस्बेनच्या दक्षिणेला लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानात जावं. उंच झाडांच्या खोडांवर, मान मोडेपर्यंत वर बघावं इतक्या उंचीवर त्या बसलेल्या असतात. मुंबईकरांना हे नाव ओळखीचं वाटलं असेल, आणि ते बरोबरच आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १८९६ ते १९०१ क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते. तिथून परतल्यावर १९०३ ते १९०७ ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. ग्रँट रोडजवळचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड त्यांच्याच नावाचा. आज त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण सोल्डरिंग आयर्न घ्यायला निघालेला माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. इथं ऑस्ट्रेलियात त्यांच्या नावाचा केकही आहे, चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवलेला. आईनं एक खाल्ला आणि खोबरं ओलं हवं होतं म्हणाली.

राष्ट्रीय उद्यान झालं १९१५ साली. रॉबर्ट कॉलिन्स आणि रोमिओ लाही या दोघांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. ते जंगल तोडीतून वाचलं, म्हणून त्या झाडांवरच्या सांबरशिंग्याही वाचल्या. या दोघांची नावं मुद्दाम लक्षात ठेवावीत अशी आहेत.

हवेत माती करणारं झाड

आता मूळ मुद्दा. सांबरशिंगी बांडगूळ नाही. बांडगूळ झाडाच्या खोडात मुळी खुपसून रस ओढतं. ही फक्त बसायला जागा मागते. मग जमिनीपासून वीस मीटर उंचीवर माती कुठून आणायची, पाणी कुठून आणायचं?

तिनं त्यासाठी दोन तऱ्हेची पानं केली. एक लोंबती पानं, शिंगांसारखी, जी आपल्याला दिसतात आणि आवडतात. दुसरी बैठी पानं. ही खोडाला ढालीसारखी चिकटतात, वरच्या बाजूला टोपलीसारखी उघडी राहतात. वरून गळणारा पाला, फुलं, किड्यांची कातडी, पक्ष्यांची शीट, सगळं त्या टोपलीत पडतं. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं. पाला कुजतो आणि खत होतं. नवं बैठं पान जुन्याच्या अंगावर पसरतं, जुनं तपकिरी होतं, त्याचा स्पंज होतो आणि त्या थरांमधून मुळं फिरतात. आमच्या फळीवरच्या गड्ड्याची कड मी एकदा जवळून बघितली. वहीची पानं एकमेकांवर चिकटावीत तसे थर होते, आणि आत बोट घातलं तर दोन दिवस पाणी न घालताही गार, ओलं लागलं.

म्हणजे वाळकं पान हीच तिची कुंडी, तोच तिचा माठ आणि तेच खताचं कोठार. ते तोडणं म्हणजे मुळं उघडी टाकणं. आजी ओरडल्या त्या यासाठी. मी हे आईला मराठीत सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे आमच्या बाशिंगाची पण तपकिरी पानं तशीच? आणि मी दर दिवाळीला झाडाची साफसफाई म्हणून ती ओरबाडायची!"

हो, तशीच. बाशिंगाची तपकिरी पानंही तोच पालापाचोळा धरतात.

एकुलती आणि लेकुरवाळी

नर्सरीत सुपर्बम आणि एल्कहॉर्न शेजारी टांगलेल्या असतात आणि नवखा माणूस फसतो. ओळखायचं कसं? सुपर्बम एकटी असते. एक गड्डा, एक कोंब, शेवटपर्यंत एकच. तिला बाजूला पिल्लं येत नाहीत. तो कोंब कुजला की खेळ संपला, नवं झाड फक्त बीजाणूंपासून. एल्कहॉर्न उलट लेकुरवाळी. बाजूबाजूला पिल्लं येत राहतात आणि काही वर्षांत फळीचा गोळा होतो. बीजाणू बघितले तरी कळतं. एल्कहॉर्नचे पानाच्या टोकाशी, तपकिरी मखमल लावल्यासारखे. सुपर्बमचा मोठा अर्धगोल पट्टा पहिल्या फाट्याच्या बेचक्यात, पानाच्या पाठीला.

या लेकुरवाळ्या एल्कहॉर्ननं २०२१ साली शास्त्रज्ञांना चांगलंच कोड्यात टाकलं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, टास्मन समुद्रात लॉर्ड हाउ नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथं वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचे केव्हिन बर्न्स आणि त्यांचे सहकारी एल्कहॉर्नचे गोळे तपासत होते. त्यांना दिसलं की एका गोळ्यातली झाडं सगळी सारखी वागत नाहीत. वरच्या बाजूची झाडं मेणचट, पन्हाळीसारखी पानं काढून पाणी गोळ्याच्या मध्याकडे वळवतात. खालची झाडं स्पंजासारखी बैठी पानं काढून ते पाणी शोषून धरतात. आणि सुमारे ४० टक्के झाडं बीजाणूच करत नाहीत! मधमाश्यांच्या पोळ्यात कामकरी माश्या अंडी घालत नाहीत, राब राब राबतात, तसं. दहा गोळ्यांची जनुकीय तपासणी केली तेव्हा आठांतली सगळी झाडं एकाच वंशाची निघाली, दोन गोळ्यांत मात्र वेगवेगळ्या वंशाची झाडं एकत्र नांदत होती.

मुंग्या, वाळवी, मधमाश्या यांची कामाची वाटणी आपल्याला ठाऊक आहे. झाडांत असं काही असेल, हे तोवर कुणी म्हटलं नव्हतं. बर्न्स यांनी निबंधाच्या मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे आणि ते योग्यच केलं. पण त्या दिवसापासून मी कुंपणावरच्या एल्कहॉर्नला 'एक झाड' म्हणणं सोडलंय. ते एकत्र कुटुंब आहे.

काचेच्या पेटीतला प्रवास

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला नेच्यांचं वेड लागलं होतं. या वेडाला 'टेरिडोमेनिया' असं नाव चार्ल्स किंग्जली या लेखकानं १८५५ साली दिलं. त्याची सुरुवात मात्र एका डॉक्टरच्या बाटलीत झाली. लंडनच्या नथॅनियल वॉर्ड यांनी १८२९च्या सुमाराला पतंगाचा कोश मातीसकट एका बंद बाटलीत ठेवला होता. पतंगाचं काय झालं ते राहू दे, पण त्या मातीत नेचा उगवला आणि पाणी न घालता टिकला. वॉर्ड यांनी त्यावरून काचेच्या बंद पेट्या केल्या आणि १८३३ साली त्यांत नेचे आणि गवतं घालून त्या जहाजानं सिडनीला धाडल्या. झाडं जिवंत पोचली. परतीच्या फेरीत त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियाचे नाजूक नेचे लंडनला गेले. पुढे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली. म्हणजे आपल्या सकाळच्या कपाचं नेच्यांशी थोडं नातं आहे.

आता मात्र असा प्रवास करवू नका. झाड, मुळं, माती, बीजाणू, काहीही पिशवीत घालून ऑस्ट्रेलियात आणू नये किंवा इथून परवान्याशिवाय नेऊ नये. विमानतळावरचे तपासनीस फार कडक असतात. इथल्या रानातली सांबरशिंगी उपटून आणणंही गुन्हा आहे. रोपं नर्सरीतूनच घ्यावीत.

केळ्याचं साल घालावं का?

ऑस्ट्रेलियात कुणाही माळीकाम करणाऱ्या आजीला विचारा, ती सांगेल की सांबरशिंगीच्या टोपलीत केळ्याचं साल टाक. आमच्या शेजारच्या आजीही टाकतात. चूक नाही. झाड पालापाचोळा खातंच, सालीतून त्याला पोटॅशियम मिळतं. पण साल बारीक तुकडे करून, बैठ्या पानाच्या मागे, महिन्यातून एखादं, एवढंच. ढीग केला तर झुरळं आणि उंदीर येतात. शिवाय सालीत नत्र फारसं नाही, म्हणून उन्हाळ्यात महिन्याला एकदा पातळ केलेलं द्रवखत द्यावं, नेहमीच्या निम्म्या मात्रेत.

इथले लोक चहाची पत्तीही घालतात. आपल्याकडे हे करताना सांभाळा. इथली पत्ती नुसत्या गरम पाण्यात भिजलेली असते. आपला चोथा दूध-साखरेत उकळलेला. तो तसाच घातला तर मुंग्या आणि बुरशी. घालायचाच तर दोनतीन पाण्यांनी धुऊन, वाळवून घाला.

फळीवर बसवायची कशी

कुंडीत सांबरशिंगी फार दिवस सुखी राहत नाही. तिला उभी जागा हवी. टणक लाकडाची फळी घ्यावी, वाळवी न लागणारी, रसायन न पाजलेली. लाकूड टिकावं म्हणून तांब्याची रसायनं मुरवतात, ती नेच्यांना मानवत नाहीत. आणि फळी मोठी घ्या, रोपापेक्षा दुपटीनं तरी. माझी पहिली फळी लहान होती आणि तीन वर्षांत सगळं पुन्हा करावं लागलं.

फळीच्या मधोमध भिजवलेल्या स्फॅग्नम मॉसची उशी ठेवायची. महाराष्ट्रात ते महाग पडतं, तिथं नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवून, पिळून वापरावेत. उशीवर रोप ठेवायचं, बैठं पान फळीकडे, आणि टोपलीचं तोंड वर. कोंब उघडा राहिला पाहिजे. तो झाकला तर कुजतो, ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. मग बांधायचं. इथं लोक जुने नायलॉनचे लांब मोजे वापरतात, कारण ते ताणले जातात आणि झाडाला कापत नाहीत. तंगूसही चालतो. तांब्याची तार नको. वर्ष-दीड वर्षात नवं बैठं पान सगळं बांधकाम झाकून टाकतं आणि दोरी दिसतसुद्धा नाही.

थेट झाडावर बसवायची असेल तर आंबा उत्तम, साल खरखरीत आहे. निलगिरी नको, तिची साल सोलून पडते आणि तिच्याबरोबर आपलं रोपही.

ऊन सकाळचं, कोवळं. दुपारचं नको. पाणी देण्याआधी फळी उचलून बघायची. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर थांबायचं. मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. पाणी टोपलीत वरून आणि मॉसवर घालायचं. बैठ्या पानाच्या बुडाशी काळे डाग दिसले तर पाणी जास्त होतंय. पानांवरची पांढरट लव धूळ समजून फडक्यानं पुसू नका. ते ताऱ्यासारखे सूक्ष्म केस आहेत आणि पाण्याची वाफ होऊन उडून जाणं तेच रोखतात.

रत्नागिरी १७ अंश उत्तरेला आणि ऑस्ट्रेलियातलं केर्न्स जवळजवळ १७ अंश दक्षिणेला. केर्न्सच्या आसपासच्या पर्जन्यवनात सुपर्बम रानात वाढते, तेव्हा कोकणातल्या दमट हवेत तिची काळजी करू नये. जुलैच्या संततधारेत मात्र वळचणीखाली घ्यावी. पुण्या-नाशिककडे अडचण वेगळी, एप्रिल-मेचा कोरडा वारा. तिथं फळी पूर्वेच्या गॅलरीत इतर झाडांच्या गर्दीत टांगावी आणि एक दिवसाआड फळीसकट बादलीत पंधरा मिनिटं बुडवावी. सुरुवात एल्कहॉर्ननं करावी. ती चुका पोटात घालते आणि महाराष्ट्रातल्या नर्सऱ्यांमध्ये मिळते. घरात मांजर-कुत्रं असेल तरी भीती नाही, हा नेचा त्यांना विषारी नाही.

कीड म्हणाल तर खवले कीड आणि पिठ्या ढेकूण, जुन्या दातब्रशनं काढून टाकावेत. इथं पूर्व किनाऱ्यावर एक खास शत्रू आहे, काळ्या अंगावर लाल ठिपके असलेला चिमुकला भुंगेरा. त्याच्या अळ्या पानाच्या आत शिरून टोकं पोखरतात. पोखरलेलं टोक कापून टाकायचं, भुंगेरे हातानं वेचायचे.

डब्यातलं रान

बीजाणूंपासून सुपर्बम करणं हे धीराचं काम आहे. बीजाणूंचा पट्टा पिकून गडद तपकिरी झाला की पान कागदात गुंडाळून ठेवायचं. दोन दिवसांत कागदावर तपकीर पडलेली असते. उकळतं पाणी ओतून गार केलेल्या मॉसवर ती चिमूटभर पसरायची, डबा झाकायचा, उजेडात ठेवायचा, ऊन नको. काही आठवड्यांनी हिरवी मखमल येते. मग त्यात नखापेक्षा लहान, हृदयाच्या आकाराचे तुकडे दिसतात. ही नेच्याची दुसरी पिढी. तिच्यावरच नर-मादीचं मीलन होतं, आणि त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो, म्हणून फवारा मारत राहायचं. नेच्यांच्या या दोन पिढ्यांचा मेळ विल्हेल्म हॉफमाइस्टर या जर्मन माणसानं १८५१ साली लावून दाखवला. त्याआधी फूल नाही, बी नाही, तरी नेचे येतात कुठून, हे युरोपला मोठं कोडं होतं.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असा एक डबा आहे. आतली रोपं आता बोटाच्या पेराएवढी झालीत. सगळी गोल, बैठी पानं. सुपर्बम पहिली काही वर्षं टोपलीच बांधत बसते, शिंगं फार नंतर येतात.

आईनं परवा रत्नागिरीहून फोटो पाठवला. वादळात पडलेल्या मागच्या आंब्याच्या फांदीवरचं बाशिंग तिनं सोडणासकट फळीवर बसवलंय, काथ्यानं घट्ट बांधलंय आणि विहिरीजवळ टांगलंय. तपकिरी पानं सगळी जागच्या जागी आहेत.